नद्यांचा हिशेबनीस

दुकानदार रात्री दुकान बंद करण्यापूर्वी दिवसभराची रोजकीर्द लिहितो. किती रक्कम आली, किती गेली आणि गल्ल्यात किती उरली, हे पाहिल्यावाचून तो उद्याचा माल मागवीत नाही. संसाराचीही हीच रीत आहे. अंथरूण पाहून पाय पसरावेत, असे वाडवडील सांगत आले ते उगाच नव्हे. परंतु नदीचे पाणी वाटून घेताना मात्र माणसाने हा साधा नियम फार काळ पाळला नाही. नदी वाहते आहे, ती अशीच वाहत राहील, तिचे माप कशाला घ्यायचे, असे त्याला वाटत असे. ह्या समजुतीविरुद्ध अमेरिकेत एका माणसाने अनेक वर्षे झुंज दिली. त्याला उजवा हात नव्हता. त्याच्यापाशी विद्यापीठाची पदवीही नव्हती. परंतु जे मोजले नाही त्याविषयी बोलू नये आणि जे मोजले ते कोणाला न रुचले तरी लपवू नये, हा त्याचा बाणा होता. त्या माणसाचे नाव जॉन वेस्ली पॉवेल.

पॉवेलचा जन्म २४ मार्च १८३४ रोजी न्यूयॉर्क राज्यातील माउंट मॉरिस ह्या गावी झाला. त्याचे वडील इंग्लंडहून येऊन अमेरिकेत स्थायिक झालेले धर्मोपदेशक होते. पुढे हे कुटुंब ओहायो राज्यातील जॅक्सन गावी राहावयास गेले. त्या काळी अमेरिकेच्या दक्षिण भागात गुलामगिरीची दुष्ट चाल होती. गुलामगिरी हे पाप आहे, असे पॉवेलचे वडील उघडपणे सांगत. गावातील पुष्कळांना ते खपत नसे. मोठ्यांचा हा राग मुलांपर्यंत पोहोचला आणि शाळेत लहानग्या पॉवेलवर दगडांचा वर्षाव होऊ लागला. अखेर आईवडिलांनी त्याला शाळेतून काढले आणि जॉर्ज क्रुकॅम नावाच्या एका वृद्ध शेतकऱ्याच्या हाती सोपविले. क्रुकॅमला निसर्गाचा मोठा नाद होता. तो मुलाला रानावनांतून हिंडवी आणि दगड, झाडे, पाखरे ह्यांची ओळख करून देई. पॉवेलची खरी शाळा ती हीच. नावडते सत्य बोलणाऱ्याला दगड खावे लागतात, हा धडाही तो त्याच वयात शिकला.

इ. स. १८४६ मध्ये कुटुंबाने विस्कॉन्सिनमध्ये शेत घेतले. वडील धर्मप्रचारासाठी गावोगाव फिरत असल्यामुळे शेताचा भार बारा वर्षांच्या पॉवेलवर पडला. दिवसभर नांगर धरायचा, हंगाम संपला की गाडीत धान्य भरून दूरच्या बाजारी न्यायचे आणि वाटेत सवड मिळेल तेव्हा पुस्तक उघडायचे, असा त्याचा क्रम असे. मुलाने आपल्यासारखे धर्मोपदेशक व्हावे, ही वडिलांची इच्छा होती. मुलाचे मन मात्र नद्यांकडे ओढ घेत होते. अठराव्या वर्षी तो एका खेड्यात शिक्षक झाला. त्याने तीन वेगवेगळ्या महाविद्यालयांत थोडेथोडे शिक्षण घेतले, पण पदवी काही त्याला मिळाली नाही. सुट्टी लागली की तो नाव घेऊन निघे. १८५६ मध्ये त्याने एकट्याने वल्ही मारीत मिसिसिपी नदीतून थेट समुद्रापर्यंत प्रवास केला. दुसऱ्या वर्षी ओहायो नदी आणि तिसऱ्या वर्षी इलिनॉय नदी त्याने अशीच पालथी घातली.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. गुलामगिरीविरुद्ध लढण्यासाठी पॉवेल उत्तरेच्या सैन्यात दाखल झाला. ६ एप्रिल १८६२ रोजी शायलो येथील घनघोर लढाईत, तोफांना इशारा देण्यासाठी त्याने उजवा हात वर उचलला आणि त्याच क्षणी शत्रूची गोळी त्या हातात घुसली. दोन दिवसांनी डॉक्टरांना तो हात कापून टाकावा लागला. उरलेल्या भागातील वेदनांनी त्याला जन्मभर छळले. दुसरा कोणी असता तर घरी परतला असता. पॉवेल जखम बरी होताच पुन्हा सैन्यात रुजू झाला. व्हिक्सबर्गच्या वेढ्यात खंदक खणले जात असता मातीतून निघणारे प्राचीन शिंपले आणि जीवाश्म तो डाव्या हाताने गोळा करीत असे!

युद्ध संपल्यावर तो इलिनॉय राज्यात भूविज्ञानाचा प्राध्यापक झाला. त्या वेळी अमेरिकेच्या नकाशावर पश्चिमेकडे एक मोठी कोरी जागा होती. कोलोरॅडो नदी आपल्या वाटेवर किती दऱ्या कोरीत जाते आणि कोठे कशी कोसळते, हे कोणालाही नीट ठाऊक नव्हते. ती जागा भरून काढण्याचा पॉवेलने निश्चय केला. २४ मे १८६९ रोजी वायोमिंगमधील ग्रीन रिव्हर स्टेशन ह्या ठिकाणाहून दहा माणसे चार नावांत बसून निघाली. ग्रीन नदीतून पुढे कोलोरॅडोत शिरायचे आणि तिच्या प्रवाहाबरोबर जायचे, असा बेत होता. बरोबर दहा महिन्यांचा शिधा होता आणि हवेचा दाब मोजणारी यंत्रे होती. ह्या यंत्रांवरून जागेची उंची कळे आणि नदीला अजून किती उतरायचे आहे, ह्याचा अंदाज बांधता येई.

प्रवास सुरू होऊन पुरते तीन आठवडे झाले नव्हते, तोच एक नाव खडकावर आपटून फुटली. माणसे कशीबशी वाचली, पण शिध्याचा मोठा भाग वाहून गेला. दाबमापक यंत्रेही त्याच नावेत होती. फुटक्या नावेचा एक तुकडा प्रवाहात खडकांवर अडकून राहिला होता. दुसऱ्या दिवशी जिवावर उदार होऊन दोन सहकारी तेथपर्यंत गेले आणि यंत्रे घेऊन परतले, तेव्हा पॉवेलला धन सापडल्यासारखे झाले. पुढे एकदा उंची मोजण्यासाठी तो कडा चढत असता अशा जागी अडकला की, पुढे जाता येईना आणि मागेही फिरता येईना. एकाच हाताने खडक धरून तो लोंबकळत राहिला. वर उभ्या असलेल्या ब्रॅडलीपाशी दोर नव्हता. त्याने प्रसंगावधान राखून अंगातील लांब विजार काढली आणि तीच खाली सोडली. पॉवेलने क्षणभर खडक सोडून ती पकडली आणि त्याचे प्राण वाचले.

ऑगस्टमध्ये ही मंडळी ग्रँड कॅन्यन ह्या अफाट घळईत शिरली. दोन्ही बाजूंना आकाशाला भिडणारे कडे आणि मध्ये उसळणारे, गढूळ, तांबूस पाणी! कोलोरॅडो ह्या स्पॅनिश नावाचा अर्थच मुळी तांबडी असा आहे. बुरसलेले पीठ, वाळवलेली सफरचंदे आणि कॉफी एवढेच खावयास उरले होते. एक माणूस जुलैमध्येच निघून गेला होता. २८ ऑगस्टला एका भयंकर खळाळापाशी आणखी तिघांनी पुढे येण्यास नकार दिला. ते कडा चढून गेले आणि पुढे मारले गेले. उरलेल्या सहा जणांनी नावा खळाळात लोटल्या आणि ते पार झाले. ३० ऑगस्टला ते व्हर्जिन नदीच्या संगमापाशी पोहोचले. ही सर्व माणसे बुडाली, अशी बातमी वर्तमानपत्रांत केव्हाच छापून आली होती. संगमावर मासे धरीत असलेल्या लोकांना तर फुटक्या नावांचे अवशेष वाहत येतात काय, ह्यावर लक्ष ठेवण्याची सूचना होती. त्यांना अवशेषांऐवजी जिवंत माणसे दिसली. नव्व्याण्णव दिवसांत सुमारे १,६०० किलोमीटरांचा प्रवास झाला होता.

ह्या पराक्रमाने पॉवेलचे नाव देशभर झाले. एवढ्या कीर्तीवर कोणीही समाधानाने जगला असता. परंतु पॉवेलच्या मनात वेगळाच विचार घोळत होता. एवढ्या प्रचंड नदीच्या दोन्ही तीरांवर त्याने शेकडो किलोमीटर रखरखीत प्रदेश पाहिला होता. इकडे पूर्वेकडील राज्यांतून हजारो कुटुंबे जमिनीच्या आशेने पश्चिमेकडे निघाली होती. सरकार प्रत्येक कुटुंबाला १६० एकर जमीन देत होते. जेथे नांगर चालतो तेथे मागोमाग पाऊस येतो, अशी एक भाबडी समजूतही लोकांत पसरली होती आणि जमिनीचे व्यापारी तिला खतपाणी घालीत होते. पॉवेलने पावसाचे आकडे गोळा केले आणि १८७८ मध्ये कोरडवाहू प्रदेशाविषयीचा आपला अहवाल सरकारला सादर केला. वर्षाला २० इंचांहून, म्हणजे सुमारे ५० सेंटिमीटरांहून कमी पाऊस पडतो तेथे पाटाच्या पाण्यावाचून शेती टिकणार नाही, असे त्याने त्यात दाखविले. जमिनीची वाटणी चौकोनी तुकड्यांत न करता नदीच्या खोऱ्यांप्रमाणे करावी आणि पाण्याचा कारभार त्या त्या खोऱ्यातील शेतकऱ्यांनी मिळून पाहावा, असा त्याचा सल्ला होता. सरकारने अहवाल छापला, पण सल्ला मानला नाही.

१८८१ मध्ये पॉवेल अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याचा संचालक झाला. पुढे काही वर्षांनी पश्चिमेत कडक दुष्काळ पडला. शेते करपली, कर्जबाजारी झालेली कुटुंबे घरेदारे टाकून परत फिरली. तेव्हा संसदेला जाग आली. १८८८ मध्ये तिने सिंचनाची पाहणी करण्याचे काम पॉवेलवर सोपविले. किती पाणी आहे, ते कोठे साठविता येईल आणि त्यावर किती जमीन भिजेल, हे त्याला सांगायचे होते. परंतु अडचण अशी की, नद्यांचे पाणी शास्त्रशुद्ध रीतीने मोजणारी माणसेच देशात नव्हती. ती तयार करणे हेच पहिले काम होते.

न्यू मेक्सिकोमध्ये रिओ ग्रांदे नदीच्या काठी एम्बुडो नावाचे एक लहान ठिकाण आहे. ह्या स्पॅनिश शब्दाचा अर्थ नरसाळे. तेथे आगगाडी जात होती आणि हिवाळा सौम्य असल्यामुळे थंडीतही काम चालण्यासारखे होते. फ्रेडरिक न्यूएल ह्या सव्वीस वर्षांच्या अभियंत्याच्या हाताखाली काही तरुणांची तुकडी डिसेंबर १८८८ मध्ये तेथे तंबू ठोकून राहिली. जानेवारी १८८९ मध्ये तेथे नियमित मोजणी सुरू झाली. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याचे हे पहिले प्रवाहमापन केंद्र होय.

मुलांनो, वाहती नदी मोजायची कशी, असा प्रश्न तुम्हांला पडला असेल. विहिरीचे पाणी एका जागी असते, नदीचे पाणी तर क्षणभरही थांबत नाही. परंतु युक्ती सोपी आहे. नदीच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत दोर ताणून पात्राचे अनेक उभे पट्टे कल्पायचे. प्रत्येक पट्ट्याची रुंदी आणि खोली मोजायची. मग पाण्यात फिरणारी चकती असलेले यंत्र सोडायचे. प्रवाह जितका वेगवान तितकी चकती जलद फिरते, म्हणून तिच्या फेऱ्यांवरून पाण्याचा वेग कळतो. समजा, एका पट्ट्याची रुंदी २ मीटर, खोली १ मीटर आणि पाण्याचा वेग सेकंदाला अर्धा मीटर आहे. ह्या तिन्हींचा गुणाकार केला म्हणजे त्या पट्ट्यातून दर सेकंदाला १ घनमीटर, म्हणजेच १,००० लिटर पाणी वाहते, असे कळते. सर्व पट्ट्यांची बेरीज म्हणजे नदीचा विसर्ग.

हा खटाटोप रोज करणे शक्य नसते. म्हणून काठावर किंवा पुलाच्या खांबावर आकडे लिहिलेली उभी मोजपट्टी बसवितात. पाणी कमी असताना, मध्यम असताना आणि पूर आलेला असताना अशा निरनिराळ्या वेळी विसर्ग मोजून, कोणत्या पातळीला किती विसर्ग असतो, ह्याचा आलेख काढतात. एकदा हा आलेख तयार झाला की, नुसती पातळी वाचून विसर्ग सांगता येतो. मात्र पुरामुळे नदीचा तळ खरवडला जातो किंवा गाळाने भरतो. तसे झाले की जुना आलेख खोटे सांगू लागतो आणि पुन्हा मोजणी करावी लागते. थंडी असो, पाऊस असो, रोज ठरल्या वेळी जाऊन खरा आकडा लिहायचा, हे काम दिसावयास लहान, पण मोठ्या निष्ठेचे आहे. एका दिवसाच्या आकड्याने फारसे काही कळत नाही. वीस-तीस वर्षांचे आकडे हाती आले म्हणजे मग नदीचा स्वभाव उलगडू लागतो.

नेमकी हीच सवड पॉवेलला मिळाली नाही. मोजणी पुरी होईपर्यंत सिंचनयोग्य जमिनीचे वाटप थांबविण्यात आले होते. त्यामुळे जमीनव्यापारी आणि पश्चिमेकडील पुढारी चिडले. पॉवेल प्रगतीच्या आड येतो, अशी त्यांनी ओरड केली. १८९० मध्ये संसदेने ह्या पाहणीचा पैसा बंद केला. पॉवेलने थोडीशी नरमाई दाखविली असती, तर कदाचित त्याचे काम वाचले असते. परंतु आकडे काही मनधरणी करण्यासाठी नसतात. १८९३ मध्ये लॉस एंजेलिस येथे सिंचनाची मोठी परिषद भरली. पश्चिमेची सारी भूमी हिरवीगार होणार, अशी उत्साहाची भाषणे तेथे चालली होती. पॉवेल बोलावयास उभा राहिला. एवढ्या जमिनीला पुरेल इतके पाणी येथे नाही, असे त्याने स्पष्ट सांगितले. जे नाही ते वाटून आपण पुढच्या पिढ्यांसाठी केवळ भांडणे आणि खटले ठेवून जात आहोत, असाही इशारा त्याने दिला. सभेत एकच गलका उठला. ज्यांच्यासाठी तो झटला होता, त्यांनीच त्याची हुर्यो केली. लहानपणी अंगावर दगड आले होते, आता शब्द आले.

दुसऱ्याच वर्षी, १८९४ मध्ये, त्याने संचालकपद सोडले. अमेरिकेतील आदिवासींच्या भाषा आणि चालीरीती ह्यांच्या अभ्यासासाठी १८७९ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेचे काम मात्र तो अखेरपर्यंत पाहत राहिला. २३ सप्टेंबर १९०२ रोजी मेन राज्यात त्याचे निधन झाले. नद्यांची मोजणी मात्र थांबली नव्हती. न्यूएल आणि त्याचे सहकारी तुटपुंज्या साधनांनिशी ती करीत राहिले होते आणि १८९४ मध्ये संसदेने त्या कामासाठी प्रथमच स्वतंत्र रक्कम दिली होती.

पॉवेलचा इशारा किती खरा होता, हे पुढे दिसून आले. १९२२ मध्ये सात राज्यांनी कोलोरॅडोचे पाणी करार करून वाटून घेतले. वरच्या आणि खालच्या खोऱ्यांच्या वाट्याला प्रत्येकी वर्षाला सुमारे ९२५ कोटी घनमीटर पाणी आले. १९४४ च्या तहाने मेक्सिकोचा वाटाही त्यात मिळाला. परंतु १९२२ पर्यंत हाती असलेल्या मोजण्या थोड्या होत्या आणि त्याही नेमक्या अधिक पावसाच्या वर्षांतल्या. पुढे जुन्या वृक्षांच्या खोडांतील वर्तुळांवरून शेकडो वर्षांच्या पाण्याचा अंदाज घेण्यात आला. १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा एका अभ्यासात नदीचा सरासरी वार्षिक प्रवाह सुमारे १,६६० कोटी घनमीटर निघाला. वाटलेले पाणी त्याहून कितीतरी अधिक होते! नदी कागदावर वाढली, पात्रात मात्र होती तेवढीच राहिली. परिणामी ही महानदी बहुतेक वर्षी समुद्रापर्यंत पोहोचतच नाही.

पाण्याच्या राशीबरोबर त्याचा गुणही बिघडला. शेतांतून झिरपून परत नदीत येणारे पाणी जमिनीतील क्षार बरोबर आणते. १९६१ मध्ये मेक्सिकोला मिळणारे पाणी इतके खारट झाले की, तेथील पिकांना ते बाधू लागले. तो तंटा मिटविणारा समझोता व्हावयास १९७३ साल उजाडले. आज अनेक प्रवाहमापन केंद्रांवर केवळ विसर्ग मोजून भागत नाही. पाण्याचे नमुने घेऊन त्यांतील गाळ, क्षार आणि विरघळलेला प्राणवायू हेही तपासतात, पाण्याचे तापमान नोंदवितात. नदीत पाणी किती आहे, हा अर्धा हिशेब झाला. ते कसे आहे, हा उरलेला अर्धा.

एम्बुडो येथील केंद्र आजही चालू आहे आणि अमेरिकेत अशी दहा हजारांहून अधिक केंद्रे नद्यांवर पहारा करीत आहेत. कोलोरॅडोवर ग्लेन कॅन्यन येथे धरण बांधण्यात आले. १९६३ मध्ये तेथे पाणी अडविण्यास सुरुवात झाली आणि त्या विस्तीर्ण जलाशयाला पॉवेलचे नाव देण्यात आले. २०२३ च्या आरंभी त्या जलाशयात क्षमतेच्या एक चतुर्थांशाहूनही कमी पाणी उरले होते. पाणी खाली गेले तसा तांबड्या कड्यांवर एक रुंद पांढरा पट्टा उघडा पडला. पाणी पूर्वी कोठवर होते, ते तो पट्टा सांगतो. पॉवेलच्या नावाच्या तलावावर निसर्गानेच जणू मोजपट्टी आखली आहे.

पॉवेलने नदीवर मात केली म्हणून लोकांनी त्याला डोक्यावर घेतले आणि नदीचा खरा हिशेब मांडला म्हणून त्यालाच खाली उतरविले. परंतु कोसळत्या खळाळात नाव लोटण्यास जेवढे धैर्य लागते, तेवढेच धैर्य भरल्या सभेत न आवडणारा आकडा सांगण्यासही लागते. पॉवेलपाशी ही दोन्ही धैर्ये होती. पहिल्याने नकाशावरची कोरी जागा भरली. दुसऱ्याने पुढच्या पिढ्यांना एक शहाणपण दिले. नदीची वाटणी करण्यापूर्वी नदी मोजावी, आणि मोजल्यावर जे हाती येईल ते प्रामाणिकपणे मान्य करावे.